पुराव्यात न धरलेला शब्द

थंडर बे. नोव्हेंबर.
सरोवराच्या कडेला बर्फाची पहिली साय धरलीय.
वकीलबाईंच्या खोलीत हीटर टकटकतोय
आणि आउने माझ्या शेजारी, कोट न काढता,
वाक्यं मधेच सोडून देत.

पूर्वी ती वाक्य अर्धं सोडायची नाही.
एकोणीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं,
मागच्या बाकावरच्या द्वाड पोराला
आरशातून बघत एका दमात गप्प करायची.
एका दमात.
हा शब्द आता घरात जपूनच वापरतो आम्ही.

पेसमेकर बसवायचा होता, एवढंच. मंगळवारी दुपारी.
गळ्याच्या हाडाखालून शिरेत जायची सुई
जराशी पुढे गेली.
केवढी? वकीलबाई चिमटीत दाखवतात:
मसुरीच्या दाण्याएवढी.
फुप्फुसातून हवा निसटली,
पण निसटून जाणार कुठे?
बरगड्यांच्या आतच अडून बसली,
रुसून निघालेल्या माणसानं
उंबऱ्यातच ठाण मांडावं
आणि घरातल्यांना हलता येऊ नये, तशी.

"ते भोक विसरा," कापोरुस्सोबाई म्हणतात.
"असं होऊ शकतं, हे तिसऱ्या पानावर छापलंय.
खाली सही तुमची."
आउने सही बघते.
पोरांच्या हजेरीवर करायची तशीच,
घाईची, भरवशाची.
"आपण भांडायचं ते अकरा तासांसाठी."

एक्स-रे काढला सव्वाचारला.
डाव्या बाजूला काळं पसरलेलं,
शिकाऊ माणसालाही दिसावी इतकी ठळक रेघ.
तो कुणीतरी उघडला पहाटे सव्वातीनला.
मधले अकरा तास फोटो संगणकात पडून,
मी खुर्चीत.
ती म्हणाली, खांदा दुखतोय. नर्स म्हणाली, होतं असं.
ती म्हणाली, हवा पुरत नाही. नर्स म्हणाली, घाबरू नका.
मग ती काहीच म्हणाली नाही
आणि मला वाटलं, झोपली.

हे शेवटचं मी कापोरुस्सोबाईंना सांगितलेलं नाही.

पर्याय आहेत. त्या सांगतात,
मी वीजबिलाच्या पाकिटामागे लिहून घेतो.
दावा: कळलं त्या दिवसापासून दोन वर्षांत.
त्यासाठी परगावचा एखादा तज्ज्ञ,
जो शपथेवर म्हणेल, मी असतो तर बघितला असता.
नाहीतर डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार;
तिथे पैसा नाही,
पण कुणाला तरी निदान उत्तर द्यावं लागतं.
किंवा तडजोड. किंवा जाऊ द्या म्हणणं.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
आउनेला तर घराच्याच सात पायऱ्यांत
दोनदा थांबावं लागतं.

मग ती पहिल्यांदाच विचारते,
"त्या पोरानं माफी मागितली होती. पहाटे,
छातीत नळी घालताना.
हात थरथरत होते त्याचे. दोनदा म्हणाला सॉरी.
ते लिहिलंत का?"
वकीलबाई पेन खाली ठेवतात.
"इथल्या कायद्यात माफी पुराव्यात धरत नाहीत.
डॉक्टरांनी मोकळ्या मनानं मागावी, म्हणून."
आउने हसते. हसल्यावर खोकते.
खोकला थांबेपर्यंत आम्ही दोघं
भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहतो.
"म्हणजे त्या रात्रीत एकच जण खरं बोलला," ती म्हणते,
"आणि तेवढंच वजा."

रात्री मी सौना तापवला, एकट्यासाठी.
तिला वाफ अजून सोसत नाही.
ती बाहेरच्या बाकावर, रजई लपेटून,
दार किलकिलं ठेवून.
तापल्या दगडांवर पाणी टाकलं की जी उठते,
तिला आम्ही फिनिश माणसं लोयलू म्हणतो.
माझी आई सांगायची, फार पूर्वी
याच शब्दाचा अर्थ होता जीव.

"टाक अजून एक पळी," बाहेरून आवाज आला,
"आणि दार जरा..."
मी पळी उचलून तसाच थांबलो,
उरलेलं वाक्य येईपर्यंत.